मदत हवी आहे: नामदेवांचे शबद (गुरू ग्रंथसाहिबातली पदं) आणि नांदेडच्या लंगरमधली सेवा

नमस्कार मंडळी. आई आमच्या गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं गातेय. गेल्या महिन्यात तिला नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात नेलं होतं. दोन बाजे (पेट्या) आणि एक तबला, एवढ्यावर रागी, म्हणजे शबद गाणारे, कीर्तन करत होते. टाळ नाही, पखवाज नाही, तरी आई तासभर डोळे मिटून बसून होती.

नामदेव महाराजांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे तिला तिथे कळलं. आसा, धनासरी, सोरठ, टोडी, मल्हार असे राग पदांच्या वर दिलेत. ‘रहाउ’ची ओळ आपल्या ध्रुपदासारखी परत परत घ्यायची, एवढं समजलं, पुढे अडलंय. गुरुमुखी लिपी आम्हाला वाचता येत नाही. पदांचा देवनागरी पाठ, मराठी अर्थ आणि स्वरलेखन एकत्र कुठे मिळेल? महाराष्ट्रात शबद शिकवणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा. आईला पेटी येते, त्यामुळे अगदी पहिल्यापासून शिकवावं लागणार नाही.

दुसरं म्हणजे लंगर. पंगतीत वाढणाऱ्या आजोबांनी आईच्या ओंजळीत पोळी ठेवली, तेव्हा तिचे डोळे भरून आले. आता तिला आठवडाभर तिथे पोळ्या लाटायला जायचंय. तिचं वय 67, गुडघे दुखतात. बसून करण्यासारखी सेवा मिळते का? आधी कुणाला विचारावं लागतं? शेतातली तूरडाळ थेट लंगरला देता येते का?

स्वतः सेवा केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.