मदत हवी आहे: डिप्रेशनमुळे अपॉइंटमेंट चुकली, युनिव्हर्सल क्रेडिट कापलं

नमस्कार मंडळी,
ब्रिटनमध्ये बेनिफिट्सच्या (सरकारी मदतीच्या, युनिव्हर्सल क्रेडिट हा त्यातलाच भत्ता) भानगडीतून गेलेल्या कुणाचा तरी सल्ला हवाय. माझ्या मावसभावाला तीव्र डिप्रेशन आहे. तब्येत बिघडली की तो फोन उचलत नाही, टपाल फोडत नाही. त्यातच जॉबसेंटरची (सरकारी रोजगार कार्यालयाची) अपॉइंटमेंट हुकली आणि सँक्शन, म्हणजे भत्त्यात कपात, लागलं. घरभाड्याचे पैसे येतायत, पण स्टँडर्ड अलाउन्स (मूळ भत्ता) कापलाय. ज्या आजाराने भेट चुकली त्याचाच दंड, असा सगळा कारभार.

मँडेटरी रिकन्सिडरेशन (निर्णयाचा फेरविचार) साधारणपणे एका महिन्याच्या आत मागायचं असतं, ते मागतोच आहोत. जीपीची (फॅमिली डॉक्टरची) फिट नोट, म्हणजे आजारपणाचा दाखलाही आहे. पण भेट चुकण्याचं ‘गुड रीझन’ (योग्य कारण) म्हणून तेवढी पुरते का? ज्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, त्या दिवशी डॉक्टरकडे कोण जाणार आणि पुरावा कुठून आणणार? तुम्ही काय जोडलं होतं? जीपीचं वेगळं पत्र, की घरच्यांचं निवेदन चाललं?

शिवाय क्लेमंट कमिटमेंटमध्ये (भत्त्यासाठी मान्य केलेल्या अटींच्या करारात) अजून नोकरी शोधण्याच्याच अटी आहेत. त्या प्रकृतीप्रमाणे शिथिल करता येतात. वर्क कोचला (जॉबसेंटरमधल्या अधिकाऱ्याला) नेमकं काय सांगितल्यावर तुमच्या बदलल्या?

मी त्याच्या वतीने बोलायचं तर त्याने तशी संमती द्यावी लागते, जर्नलमध्ये (ऑनलाइन खात्यातल्या संदेशांत) लिहून, नाहीतर फोनवर किंवा जॉबसेंटरमध्ये सांगून, आणि तो तर लॉगिनच करत नाही!

यूसी५० फॉर्मही (आजारामुळे काय जमतं, काय नाही ते विचारणारा) आलाय. भाऊ प्रत्येक प्रश्नाला ‘जमतं मला’ म्हणतो (जमत काही नाही). असा फॉर्म कुणी सोबत बसून भरून घेतलाय का?