शब्दचर्चा: 'रेक'ला छंदीफंदी म्हणावं की बाहेरख्याली?

प्रश्न

मंडळी, एका इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथेचा अनुवाद हातात घेतलाय. काळ १८१४, जागा लंडन. नायक उमरावाचा धाकटा मुलगा. जुगार, घोडे, नट्या, आणि या सगळ्यापायी डोक्यावर कर्ज. नायिका एकुलती एक, बापामागे सगळी इस्टेट तिची. पुढे तो सुधारतो, दोघांचं लग्न होतं. गोष्ट सरळ आहे, पण पहिल्याच पानावरच्या दोन शब्दांनी मला आठ दिवस अडवून ठेवलंय. नायकाला 'रेक' म्हटलंय आणि नायिकेला 'एअरेस', म्हणजे इस्टेटीची वारस मुलगी.

'रेक' हा 'रेकहेल' या जुन्या शब्दाचा उरलेला तुकडा. दाताळ्यानं अख्खा नरक ओढून काढावा तेव्हा कुठे असा माणूस हाती लागेल, असा त्याचा मूळ भाव. पुढे शब्दाची धार बोथट झाली आणि त्यात चोरटं कौतुकही शिरलं. माणूस बदनाम, पण देखणा. आया त्याच्यापासून मुलींना लांब ठेवतात आणि मेजवानीचं आमंत्रणही त्याला धाडतात. हे दोन्ही एका मराठी शब्दात मला हवंय. आतापर्यंत वहीत उतरवलेले शब्द असे: रंगेल, बाहेरख्याली, छंदीफंदी, गुलहौशी, लंपट, बदफैली, उधळ्या. तुम्ही कोणता घ्याल?

प्रतिसाद

ताई, बाहेरख्याली आधी काढून टाका. या शब्दातच 'बाहेर' आहे, म्हणजे घर गृहीत धरलेलं आहे. घरी बायको असून ज्याचं लक्ष बाहेर, तो बाहेरख्याली. तुमच्या नायकाचं लग्नच झालेलं नाही, त्याला 'बाहेर' कुठून येणार? आमच्या आजीकडून हा शब्द मी कित्येकदा ऐकलाय, पण प्रत्येक वेळी कुणाच्या तरी नवऱ्याबद्दलच. ब्रह्मचाऱ्याला तो तिनं कधी लावला नाही.

लंपट तर नकोच. त्यात परतीची वाट नाही. लंपट म्हटलेला माणूस शेवटच्या प्रकरणात नायिकेचा हात मागायला आला तर वाचक पुस्तक मिटून ठेवेल. बदफैली पोलिसी कागदातला वाटतो. गुलहौशी उलट फार हलका: अत्तर, गाण्याची बैठक, मऊ लोड, एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्या माणसानं कुणाचं वाटोळं केलं असेल असं त्यातून कळत नाही.

प्रतिसाद

उधळ्या इतक्या लवकर सोडू नका. पैसा उधळतात, गुलाल उधळतात आणि घोडाही उधळतो. इंग्लंडच्या या मंडळींचं पहिलं लक्षण बाई नव्हे, पैसा. हॉगार्थ या चित्रकारानं १७३० च्या दशकात अशाच एका तरुणाच्या ऱ्हासावर आठ चित्रांची मालिका काढली, ती आजही लंडनच्या सोन संग्रहालयात आहे. पहिल्या चित्रात कंजूष बापाच्या मरणानंतर पोरगा नव्या कपड्यांचं माप देतोय. मग मेजवान्या, वेश्यागृह, कर्जापायी अटकेची पाळी. पाचव्या चित्रात तो एका वयस्क श्रीमंत बाईशी केवळ पैशासाठी लग्न करतो, सहाव्यात तो पैसाही जुगारात घालवतो. शेवट तुरुंगात आणि वेड्यांच्या इस्पितळात. म्हणजे 'रेक' आणि 'एअरेस' ही जोडी प्रेमकथेत येण्याच्या कितीतरी आधीपासून हिशेबाच्या वहीतली आहे. त्याला डोक्यावरचं कर्ज फेडायचंय, तिच्याकडे पैसा आहे. हे तुमच्या शब्दात दिसायला हवं.

प्रतिसाद

माझं मत छंदीफंदीला. यात छंद आहे आणि फंदही. छंद सुटतो, फंदातून माणूस बाहेर पडतो, म्हणजे सुधारण्याला जागा राहते. दुसरं असं, की तुमची कथा १८१४ ची, म्हणजे आपल्याकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द. त्या काळातले संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) आठवा. आधी तमाशाचा फड, मग अहिल्याबाई होळकरांच्या शब्दावरून तो सोडून कीर्तनाला उभे राहिले, असं सांगतात. धोपटमार्ग सोडू नका हे मराठी माणसाला बजावणारा फटका त्यांचाच. नावात फंदी आणि उपदेश सरळ वाटेचा! त्यांना कुणी 'रेक' म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण एका वाटेवरून दुसऱ्या वाटेला लागलेल्या माणसाकडे त्या काळच्या मराठीनं मायेनं पाहिलं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

प्रतिसाद

सगळे नायकावरच बोलताहेत. मला नायिकेची काळजी आहे.

'एअरेस'ला वारसदार लिहू नका. 'वारस' हा शब्द स्वतःच पुरा आहे, 'दार' मागून चिकटलेला. वारस स्त्रीलाही चालतो, पुरुषालाही. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज देताना आपण मुलगा-मुलगी असा वेगळा शब्द वापरत नाही. पण नुसतं 'वारस' म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात मुलगाच येतो, त्याला इलाज नाही. माझ्या आत्याचं नाव सातबाऱ्यावर लागलं आणि दोन महिन्यांत हक्कसोडपत्रावर तिची सही झाली. सही करताना ती हसत होती, 'माहेर तुटायला नको' म्हणाली. ती वारस होती. मालकीण एक दिवसही झाली नाही. तुमच्या नायिकेची गोष्ट वेगळ्या देशातली असली तरी याच जागी दुखणारी आहे, म्हणून शब्द जपून घ्या.

त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईचा रोख पैसा, दागिने, सामानसुमान कायद्यानं नवऱ्याचं होई. जमीन तिच्या नावावर राहिली तरी उत्पन्न आणि कारभार त्याच्या हातात. हे १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदललं. तोवर बापाला मुलीचं काही राखायचं असेल तर लग्नाआधीच वकिलाकडून लेखी तजवीज करून ठेवावी लागे. तेव्हा तिच्या पैशाला 'स्त्रीधन' लिहाल तर अर्थ नेमका उलटा होईल. स्त्रीधन बाईचं असतं, नवऱ्यानं अडचणीत घेतलं तरी परत द्यायचं असतं.

प्रतिसाद

त्या लेखी तजविजीला 'याद्या' म्हणता येईल का? लग्नाआधी दोन्ही घरं बसून देणंघेणं लिहून काढतात, त्या याद्या.

प्रतिसाद

शब्द गोड आहे, पण याद्यांत मानपान आणि पोशाख असतात. तिथे बायको विधवा झाली तर तिला वर्षाला किती, धाकट्या मुलांना किती, हे बांधून ठेवलेलं असे. मी 'लग्नाचं बंदोबस्तपत्र' सुचवेन.

आणि हे सगळं खरंच घडलंय. कॅथरीन टिल्नी-लाँग ही तिच्या काळातल्या इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत मुलींपैकी एक. पुढे राजा झालेल्या ड्यूक ऑफ क्लॅरन्सनंही तिला मागणी घातली होती. तिनं १८१२ साली हात दिला तो विल्यम वेलस्ली-पोल या नामांकित 'रेक'ला. हा विल्यम वेलिंग्टनचा पुतण्या. वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आपल्या असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. लग्नात विल्यमनं तिची आडनावं आपल्या नावात घेतली. आपल्याकडे अशाला लोक घरजावई म्हणून चिडवतील. पण घरजावई सासऱ्याच्या मुठीत असतो, इथे सासरची मालमत्ताच जावयाच्या मुठीत गेली. दहा वर्षांत कर्ज इतकं झालं की १८२२ मध्ये वॉन्स्टेडच्या तिच्या वाड्यातलं सामान लिलावात गेलं. लिलाव ३२ दिवस चालला. मग वाडाही पाडून त्याचे दगड विकले. ती १८२५ मध्ये गेली. मुलांचा ताबा न्यायालयानं बापाला दिला नाही.

प्रतिसाद

हे वाचून 'सुधारलेला' या शब्दावर बोलावंसं वाटतं. सुधारलेला रेक सर्वांत चांगला नवरा होतो, अशी तिकडे समजूतच होती. रिचर्डसन या इंग्रजी कादंबरीकारानं १७४८ साली पूर्ण केलेल्या 'क्लॅरिसा' कादंबरीच्या प्रस्तावनेत या समजुतीला धोकादायक म्हटलंय, आणि कादंबरीही तिच्याविरुद्धच उभी आहे. आपल्याकडे तेच वाक्य वेगळ्या वेषात आहे: दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर. किती मुलींना या एका वाक्यावर उजवून टाकलं असेल! माझ्या मावशीला असंच उजवलं होतं. तिचा नवरा ताळ्यावर आला, पण साठीनंतर, आजारपणात.

म्हणून माझी विनंती, तो लग्नानं सुधारला असं भाषांतरात कुठेही वाटू देऊ नका. मूळ कथेत तो आधी बदलतो की नंतर?

मूळ प्रश्नकर्ती

आधी. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत पालकाच्या संमतीशिवाय तिला लग्नाचा परवाना मिळत नाही, आणि स्कॉटलंडची सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीनला पळून जाऊन लग्न करायला तो नकार देतो. जुगाराच्या अड्ड्यावर जाणं थांबवतो, घोडे विकून देणी फेडतो, आणि बंदोबस्तपत्रात तिचा पैसा तिच्याच नावे राहील असं कलम स्वतःहून घालायला लावतो. वकील चष्मा काढून त्याच्याकडे बघतो, ती ओळ मला फार आवडते.

तुमच्या बोलण्यातून माझं ठरलं. नायक छंदीफंदी, आणि पैशाची गोष्ट निघेल तिथे उधळ्या. 'सुधारलेला' कुठेच नाही, 'ताळ्यावर आला' हेही त्या वकिलाच्या तोंडी, एकदाच. नायिकेला एक शब्द शोधणं सोडलं. पहिल्या पानावर आता असं लिहिलंय: 'बापामागे सगळी इस्टेट तिची होणार होती, आणि लग्न झालं की ती तिची राहणार नव्हती.'