कोरियन राम्यनच्या पाकिटावरील पोषणमूल्ये : सोडियमचा आकडा नेमका कशाचा?

प्रश्न

नमस्कार. आम्ही सध्या दक्षिण कोरियात, सुवन येथे राहतो. माझ्या पतींना नुकतेच रक्तदाबाचे औषध सुरू झाले असून डॉक्टरांनी जेवणातील मीठ कमी करण्याबाबत बजावले आहे. प्रयोगशाळेतून रात्री उशिरा परतल्यावर त्यांचे जेवण बहुतेक वेळा राम्यनवरच, म्हणजे कोरियन झटपट नूडल्सवरच, भागते आणि ही सवय लगेच सुटेल असे मला वाटत नाही. त्यामुळे जे खाल्ले जाते त्यात काय आणि किती आहे, हे तरी नीट समजून घ्यायचे ठरवले आहे.

घरात नेहमी दोन प्रकार असतात. शिन राम्यनच्या १२० ग्रॅमच्या पाकिटावर ५०० किलोकॅलरी, सोडियम १७९० मिलिग्रॅम, कर्बोदके ७९ ग्रॅम, मेद १६ ग्रॅम, त्यापैकी संपृक्त मेद ८ ग्रॅम आणि प्रथिने १० ग्रॅम असे लिहिले आहे. बुलदाक बोक्कुम म्यनच्या १४० ग्रॅमच्या पाकिटावर ५३० किलोकॅलरी, सोडियम १२८० मिलिग्रॅम, कर्बोदके ८५ ग्रॅम, मेद १६ ग्रॅम, त्यापैकी संपृक्त ८ ग्रॅम आणि प्रथिने १२ ग्रॅम अशी नोंद आहे. सोडियम पाहता बुलदाक बरे, असा सरळ निष्कर्ष निघतो. पण त्यातला तो दाट लाल सॉस पाहिला की तो निष्कर्ष मनाला पटत नाही. हे आकडे कोरड्या पाकिटाचे असतात की शिजवलेल्या पदार्थाचे? शेजारी दिलेले टक्के कोणाच्या गरजेनुसार काढलेले असतात? आणि रस्सा न पिता ठेवून दिला, तर सोडियममध्ये खरोखर फरक पडतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १

ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. मी अन्नतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

हे आकडे पाकिटात जे जे भरले आहे त्या सगळ्याचे मिळून असतात. नूडल्सची वडी, मसाल्याची किंवा सॉसची पुडी आणि सुक्या भाज्यांची छोटी पुडी, हे सारे त्यात आले. तुम्ही पाणी किती घालता, किती वेळ शिजवता आणि शेवटी भांड्यात काय उरते, याचा त्या तक्त्याशी काही संबंध नसतो. कोरियन पाकिटांवर हे तक्ते बहुतेक वेळा संपूर्ण पाकिटासाठी दिलेले असतात. तरीही आकडे वाचण्याआधी ते पूर्ण पाकिटाचे आहेत, १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, हे तक्त्याच्या डोक्यावरच्या ओळीत अवश्य पाहावे. तेथे एकूण वजन आणि एकूण उष्मांक शेजारी शेजारी छापलेले असतात. त्याखाली ‘नात्रियुम’ म्हणजे सोडियम, ‘थानसुह्वामुल’ म्हणजे कर्बोदके, ‘तांगन्यू’ म्हणजे शर्करा, ‘जिबांग’ म्हणजे मेद, ‘फोह्वाजिबांग’ म्हणजे संपृक्त मेद आणि ‘तानबेकजिल’ म्हणजे प्रथिने, एवढे ओळखता आले की तक्ता वाचता येतो.

टक्क्यांबद्दल सांगायचे तर ते कोण्या एका व्यक्तीच्या गरजेवरून काढलेले नसतात. कोरियाच्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाने दिवसाची काही संदर्भमूल्ये ठरवून दिली आहेत : कर्बोदके ३२४ ग्रॅम, मेद ५४ ग्रॅम, संपृक्त मेद १५ ग्रॅम, प्रथिने ५५ ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. पाकिटातील मात्रेला या मूल्याने भागले की तो टक्का मिळतो. तुमच्या शिन राम्यनमध्ये सोडियम ९० टक्के, संपृक्त मेद ५३ टक्के आणि प्रथिने मात्र १८ टक्के दिसतील, ती अशी. येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रथिनांचे ५५ ग्रॅम हे गाठायचे प्रमाण आहे, तर सोडियमचे २००० मिलिग्रॅम ही ओलांडू नये अशी मर्यादा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घेण्यास सांगते. तक्त्यात दोन्ही एकाच रांगेत, एकाच टाइपात छापलेले असल्यामुळे हा फरक सहज नजरेतून सुटतो. सोडियमला साधारण अडीचने गुणले की मिठाचा हिशेब लागतो. म्हणजे शिन राम्यनच्या एका पाकिटात सुमारे साडेचार ग्रॅम मीठ, आणि बुलदाकमध्ये सव्वातीन ग्रॅमच्या आसपास.

आता तुमचा मूळ प्रश्न. पाकिटातील आकडा आणि पोटात जाणारा आकडा यांत अंतर असते, आणि या दोन पदार्थांत ते अंतर सारखे नाही. शिन राम्यन ५५० मिलिलिटर पाण्यात साडेचार मिनिटे शिजते आणि पुडीतील सारा मसाला त्या रश्शात विरघळतो. कणकेतही थोडे मीठ असते हे खरे, पण मोठा वाटा मसाल्याच्या पुडीचाच असतो. त्यामुळे नूडल्स खाऊन रस्सा तसाच ठेवला, तर सोडियमचा बराच मोठा भाग भांड्यातच राहतो. बुलदाकची कृती वेगळी आहे. नूडल्स ६०० मिलिलिटर पाण्यात पाच मिनिटे उकळायच्या, आठ चमचे पाणी ठेवून बाकीचे ओतून द्यायचे, आणि मग सॉस घालून अर्धा मिनिट परतायचे. ओतून दिलेल्या पाण्याबरोबर कणकेतील थोडे मीठ जाते, परंतु सॉस त्यानंतर पडतो आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत नूडल्सना चिकटून पोटात जातो. म्हणून १७९० आणि १२८० हे आकडे समोरासमोर ठेवून निर्णय करणे योग्य होणार नाही. तुमचे पती रस्सा पीत असतील तर बुलदाकमध्ये सोडियम निश्चित कमी आहे. ते रस्सा ठेवून देत असतील तर हा क्रम उलटूही शकतो.

हाच फरक लक्षात घेऊन कोरियात २०१७ पासून नूडल्सच्या पाकिटांसाठी सोडियमची तुलना दाखवण्याची पद्धत सुरू झाली आहे. तीत रश्शाचे प्रकार आणि बिनरश्शाचे प्रकार वेगवेगळ्या गटांत धरून, त्या त्या गटाच्या तुलनेत हे पाकीट कोठे बसते ते दाखवले जाते. दोन रश्शाचे प्रकार निवडताना ही तुलना फार उपयोगी पडते.

आणखी दोन बारकावे. छापलेले आकडे अगदी काट्यावर मोजलेले समजू नयेत. सोडियम, मेद, शर्करा यांचे प्रत्यक्ष प्रमाण छापील आकड्याच्या १२० टक्क्यांच्या आत असले की नियमाला चालते, तर प्रथिने ८० टक्क्यांहून कमी असता कामा नयेत. तसेच ट्रान्स मेद ० ग्रॅम असे दिसले, तरी ०.२ ग्रॅमपेक्षा कमी प्रमाण शून्य म्हणून छापण्याची मुभा आहे, हे ध्यानात असावे.

उत्तर २

वरील उत्तर उत्तम आहे. मी त्यात स्वयंपाकघरातील बाजूची भर घालते.

येथे राहणाऱ्या बहुतेकांना एक सवय लागते, ती म्हणजे नूडल्स संपल्या की उरलेल्या रश्शात भात कालवून खाणे. चवीला ते अप्रतिम लागते यात वाद नाही. पण भात तो सारा रस्सा शोषून घेतो आणि ठेवून दिलेले सोडियम पुन्हा ताटात येते, शिवाय ७९ ग्रॅम कर्बोदकांवर भाताच्या कर्बोदकांची भर पडते. आपल्या यजमानांना ही सवय आहे का, ते आधी पाहा. असल्यास पाकिटाचा ब्रँड बदलण्याआधी तीच बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सोबतच्या किमचीचेही, म्हणजे खारवून आंबवलेल्या भाजीचेही, तेच. राम्यनच्या जोडीला ती हटकून येते आणि १०० ग्रॅम किमचीत अर्धा ग्रॅम किंवा त्याहून अधिक सोडियम सहज असते.

दुसरे असे की, रस्सा ठेवून देण्यापेक्षा मसालाच कमी घालणे अधिक खात्रीचे असते, कारण नूडल्स रश्शात जितका वेळ राहतात तितका तो रस्सा त्यांत मुरत जातो. मी पुडी निम्मी वापरते, उरलेली दुमडून डब्यात ठेवते, आणि पाणीही त्या मानाने कमी घेते, म्हणजे रस्सा पांचट होत नाही. ठेचलेला लसूण, पातीचा कांदा आणि चमचाभर गोचुगारु घातले की चवीची उणीव फारशी भासत नाही. गोचुगारु म्हणजे नुसती मिरचीची पूड, तिच्यात मीठ नसते. गोचुजांगमध्ये, म्हणजे मिरचीच्या आंबवलेल्या लगद्यात, मात्र असते, तेव्हा या दोहोंची अदलाबदल करू नये. बुलदाकच्या बाबतीत सॉसची पुडी अर्धीच पिळावी. त्याचा तिखटपणा असा आहे की अर्ध्या पुडीतही कोणाची तक्रार येणार नाही.

प्रथिनांकडेही लक्ष द्यावे. पाकिटातील १० ते १२ ग्रॅम प्रथिने मुख्यतः गव्हाची असतात आणि गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. एक अंडे फोडून घातले तर सुमारे ६ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने वाढतात. टोफूचे तुकडे आणि मूठभर खोंगनामुल, म्हणजे सोयाबीनचे मोड, घातल्यास प्रथिनांबरोबर तंतूही मिळतात. वरून चीजची चकती ठेवण्याची येथे फार आवड आहे, पण तिच्यातून संपृक्त मेद आणि सोडियम दोन्ही येतात, म्हणून तुमच्या घरी ती टाळलेली बरी.

उत्तर ३

एक छोटी पुस्ती जोडतो. आमच्या घरी मांसाहार नसल्यामुळे आम्ही ओट्टोगी कंपनीचे छेह्वांग हे भाज्यांचे राम्यन आणतो. शाकाहारी पाकीट म्हणजे कमी मिठाचे पाकीट, असा समज अनेकांचा असतो. परंतु मांसाचा अर्क नसला तरी रश्शाला चव आणण्यासाठी मीठ आणि सोया सॉसची भुकटी लागतेच. तेथेही सोडियमची ओळ तितक्याच काळजीने वाचावी लागते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. भात कालवण्याची सवय आमच्या घरी आहेच, त्यामुळे आजपासून तेथूनच सुरुवात करते. आणखी दोन शंका विचारते. दुकानात न तळलेल्या नूडल्सचे ‘गनम्यन’ प्रकारही दिसतात. रक्तदाबासाठी ते अधिक चांगले का? आणि एका परिचितांचे म्हणणे असे की खरा दोष अजिनोमोटोचा असतो, तो नसलेले पाकीट घेतले की झाले. यात तथ्य आहे का? शक्य असेल तर साध्या मिठाऐवजी मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठाबद्दलही सांगावे.

उत्तर १

ताई, अजिनोमोटोपासून सुरुवात करतो. अजिनोमोटो म्हणजे सोडियम ग्लुटामेट. त्यात वजनाच्या सुमारे १२ टक्के सोडियम असते, तर साध्या मिठात सुमारे ३९ टक्के. त्यातून येणारे सोडियम तक्त्यातील एकूण आकड्यात आधीच धरलेले असते. म्हणून अजिनोमोटो आहे की नाही यापेक्षा एकूण सोडियम किती आहे हेच पाहावे. ‘विरहित’ असे लिहिलेल्या पाकिटातही तो आकडा मोठा असू शकतो.

गनम्यनचा लाभ आहे, पण तो मेदाच्या बाजूने आहे. नेहमीच्या राम्यनच्या नूडल्स वाफवून मग साधारण १४० ते १६० अंश सेल्सियसच्या पामतेलात एक-दोन मिनिटे तळतात. आतील पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि त्या सूक्ष्म छिद्रांत तेल शिरते. नूडल्स पुढे झटपट शिजतात त्या याच छिद्रांमुळे. तुमच्या दोन्ही पाकिटांत १६ ग्रॅम मेदापैकी ८ ग्रॅम संपृक्त आहे, कारण पामतेलातील जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो. कोरियात एके काळी यासाठी गोवंशीय चरबी वापरली जात असे. १९८९ मध्ये त्यावरून सामयांगसह काही कंपन्यांवर खटले झाले, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, पण तोपर्यंत पामतेल रूढ झाले होते. गनम्यनच्या नूडल्स गरम हवेत वाळवतात, म्हणून ते तेल टळते. शिन राम्यनचा गनम्यन प्रकार २०१९ मध्ये आला. ९७ ग्रॅमच्या त्या पाकिटात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात. ५०० आणि ३५० यांतील सगळा फरक मात्र तळणीचा नव्हे, कारण पाकीटच लहान आहे. १०० ग्रॅमला मोजले तर सुमारे ४१७ विरुद्ध ३६१ असा हिशेब येतो. सोडियम मसाल्याच्या पुडीत आणि कणकेत असते, त्यावर न तळण्याचा परिणाम होत नाही. तेव्हा गनम्यन आणलेत तरी पुडी निम्मीच वापरावी लागेल.

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. रक्तदाबाच्या काही औषधांनी शरीरातील पोटॅशियम आधीच वाढण्याची शक्यता असते, आणि मूत्रपिंडाचा त्रास असल्यास तो धोका अधिक असतो. त्यामुळे ते मीठ घरात आणण्यापूर्वी, सुरू असलेल्या औषधाचे नाव सांगून तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.