कर्फ्यूची घंटा मराठीत कशी वाजवायची?

ताकभात: मध्ययुगीन इंग्लंडातल्या एका गोष्टीचा अनुवाद करतेय. रात्री आठला 'कर्फ्यू'ची घंटा होते. मी 'संचारबंदीची घंटा' लिहिलं. संपादकबाईंनी खाली लाल रेघ ओढली: "घंटा ऐकून आजी चुलीकडे का जाते मग?" काय लिहू?

उंबर: बाईंचं बरोबर आहे. शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, अर्थ 'विस्तव झाका'. लाकडी घरं, गवती छपरं. रात्री ठिणगी उडाली तर अख्खी आळी खाक. चुलीवर घालायच्या धातूच्या झाकणालाही कर्फ्यूच म्हणत. माणसांवरची बंदी नंतरची.

मुक्काम पोस्ट: अहो, हे आमच्याकडे रोजचं होतं! आजी निजायच्या आधी निखारे राखेत पुरायची, वर फुटकं घमेलं पालथं. पहाटे राख सारून दोन फुंकरी मारल्या की चूल पेटली. काडी वाचायची. 'विस्तव पुरायची घंटा' लिहा.

सोवळेकर: घंटेला 'पुरायची' कसलं लावता? आणि 'संचारबंदी'त वाईट काय आहे? आपला शब्द आहे, वापरा की.

कडीकुलूप: आपला खरा, पण फक्त कागदावर. ९३ साली मुंबईत आम्ही 'कर्फ्यू लागलाय' असंच म्हणायचो. 'संचारबंदी' पेपरात वाचायची.

सोवळेकर: आणि २०२० च्या डिसेंबरात? रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी, सगळे तेच म्हणत होते.

कडीकुलूप: आमच्या सोसायटीत 'नाइट कर्फ्यू'. निम्मे लोक तर जमावबंदीलाच संचारबंदी म्हणत होते.

शेवगा: 'कर्फ्यू'तला 'फ्यू' म्हणजे फ्रेंच 'फ', विस्तव; म्हणजे इंग्रजी 'फायर'च ना? आमचे सर तसंच सांगायचे.

उंबर: सरांना नमस्कार, पण नाही. तो 'फ' लॅटिन 'फोकस'वरून आलाय, आणि फोकस म्हणजे चूल! खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये तोच शब्द प्रकाशशास्त्रात घेतला. भिंगातून ऊन एकवटून कागद जाळलाय ना लहानपणी? तीच ती चूल. 'फायर'चं कूळ वेगळं, ते ग्रीक 'पीर'च्या भावकीतलं.

शेवगा: म्हणजे 'जरा फोकस कर' म्हणजे 'जरा चुलीकडे बघ'? बायकोला सांगतो.

सोवळेकर: आधी स्वतः बघा.

ताकभात: मंडळी, माझी घंटा? उद्या मजकूर द्यायचाय.

मुक्काम पोस्ट: आमची फुंकणी पितळेची होती. कुणाकडे अजून आहे का?