घरच्या कम्प्युटरला डाविंची रिझॉल्व्ह सुचवणं थांबवा

नदीकाठ

मुंजीचं, साठीचं, सोसायटीच्या गणपतीचं शूटिंग मोबाइलवर झालेलं असतं. मग घरातलं कुणीतरी विचारतं, "फुकटात एडिटिंग कशात करू?" लगेच चार जण सांगतात, डाविंची रिझॉल्व्ह घे. माझं स्पष्ट मत आहे की ८ जीबी रॅमच्या आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कम्प्युटरसाठी हा सल्ला चुकीचा आहे. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत असाच कम्प्युटर आहे.

रिझॉल्व्ह वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुळात ते सिनेमाच्या रंगकामासाठी बनलं. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं २००९ मध्ये ते विकत घेतलं आणि पुढे इफेक्ट्ससाठी फ्यूजन, आवाजासाठी फेअरलाइट त्यात आणून बसवलं. त्याचं बरंचसं काम ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर चालतं. १६ जीबी रॅम ही तिथली सुरुवात, आणि फ्यूजन वापरायचं तर ३२.

त्यात मोबाइलचा व्हिडिओ हाताळायला जड. एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, शेजारच्या फ्रेमच्या मानानं काय बदललं तेवढंच बहुतेक ठिकाणी नोंदलेलं असतं. टाइमलाइनवर मध्येच क्लिक केलं की ती एक फ्रेम दाखवायला आधीच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. म्हणून बघताना सुरळीत चालणारा व्हिडिओ एडिट करताना अडकत अडकत चालतो. समोरच्याला वाटतं की आपल्यालाच हे जमत नाही, आणि तो सगळं सोडून देतो. मला राग येतो तो याचा.

शॉटकट घ्या, नाहीतर केडेनलाइव्ह. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही एमएलटी या एकाच इंजिनावर चालतात. व्हिडिओवर कुणाचा शिक्का (वॉटरमार्क) येत नाही. प्रॉक्सी चालू करा, म्हणजे मूळ क्लिपची हलकी प्रत तयार होते. सगळी कापाकापी त्या प्रतीवर करायची, शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होतो.

मध्यलय

नदीकाठ, मला हे पटत नाही. प्रॉक्सी रिझॉल्व्हमध्येही आहे, ती कुणी चालू करत नाही हा सॉफ्टवेअरचा दोष कसा? मोफत आवृत्तीतून ३८४० × २१६० पर्यंतचा व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमनं बाहेर काढता येतो, तोही शिक्क्याशिवाय. पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीतला एखादा इफेक्ट लावलात तरच शिक्का येतो.

आणि घरगुती व्हिडिओत सगळ्यात जास्त काय बिघडलेलं असतं? रंग. हॉलमध्ये पिवळे दिवे, स्टेजवर जांभळे एलईडी, त्यात नवरीचा चेहरा एका क्लिपमध्ये केशरी आणि पुढच्या क्लिपमध्ये निळा. दोन क्लिपांचे रंग एकमेकींशी जुळवण्याचं काम रिझॉल्व्हमध्ये जितकं चोख होतं तितकं तुमच्या दोन्ही पर्यायांत होत नाही. मी तिन्ही वापरून बोलतोय.

दुसरं म्हणजे घरात एडिटिंग शिकणारी बहुतेक दहावी-बारावीची मुलं असतात. उद्या एखाद्या स्टुडिओत उभं राहायचं तर रिझॉल्व्ह येणं कामाला येतं. शॉटकट येतं म्हणून कोण घेणार? रॅम वाढवा, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. तो खर्च दुसऱ्या कामांनाही उपयोगी पडतो.

सह्यवासी

मध्यलय, विंडोजपुरतं तुमचं ठीक आहे. जुन्या कम्प्युटरवर लिनक्स टाकलेल्यांचं काय? तिथे रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडतच नाही, म्हणजे मोबाइलचं सगळं शूटिंग बाद. आधी ते प्रोरेससारख्या, एडिटिंगला हलक्या पण आकारानं मोठ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायचं. साध्या १०८० च्या एका तासाच्या शूटिंगचे प्रोरेस ४२२ मध्ये ६५ जीबीच्या आसपास होतात. २५६ जीबीच्या डिस्कवर हे कुणी करायचं?

आणखी एक. केडेनलाइव्ह आणि शॉटकटची प्रोजेक्ट फाइल साध्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे वाचता येईल अशा मजकुरात असते. फोल्डरचं नाव बदललं आणि क्लिप सापडेनाशा झाल्या, तर नोटपॅडमध्ये उघडून क्लिपचा पत्ता दुरुस्त करता येतो. दहा वर्षांनी लेकीच्या बारशाचा प्रोजेक्ट उघडायचा असेल तेव्हा याची किंमत कळते.

ओवी

तुम्हा सगळ्यांचं वेगावर आणि रंगावरच चाललंय. मराठी अक्षरांचं काय? मी घरातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ करते, त्यात नावं आणि पाट्या मराठीतच असतात. कुठलंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी मी टायटलमध्ये तीन शब्द टाइप करून बघते: हार्दिक, कर्तृत्व, विवाहनिश्चिती. एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या मी वापरलेल्या आवृत्तीत रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे यायची. निमंत्रणाच्या व्हिडिओत आजोबांचं नाव असं मोडलेलं दिसणं मला चालणार नाही, मग रंग कितीही सुंदर असोत.

केडेनलाइव्ह आणि शॉटकटच्या साध्या टायटलमध्ये जोडाक्षरं नीट येतात. फॉन्ट मात्र युनिकोडच हवा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू मोफत आहेत आणि मोबाइलच्या पडद्यावरही स्वच्छ वाचता येतात. डीटीपीवाल्यांकडचे जुने फॉन्ट इथे टाकू नका, अक्षरांऐवजी भलतंच काहीतरी दिसेल.

मध्यलय

ओवीताई, अक्षरांचा मुद्दा बरोबर आहे. पण त्याला उपाय आहे. पाटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून आणा, ती कुठल्याही एडिटरमध्ये जशीच्या तशी दिसते. माझ्या सगळ्या पाट्या मी तशाच करतो. केडेनलाइव्हवर माझा भरवसा नाही तो वेगळ्या कारणानं, लांबलचक टाइमलाइनवर ते मधेच बंद पडतं. आपोआप जतन झालेली प्रत परत मिळते हे मान्य, पण रात्री अकराला हे तिसऱ्यांदा झालं की माणूस वैतागतो.

ओवी

पन्नास पाहुण्यांच्या पन्नास पाट्या पीएनजी करून आणायच्या? एका आडनावात चूक निघाली की परत इंकस्केप उघडा. दादा, हे रोजच्या कामात परवडत नाही.

पारिजात

आमच्या देवळात सप्ताहाचं कीर्तन रेकॉर्ड होतं, दोन-दोन तासांचं. पुढची माइकची खुडबुड आणि शेवटची आभारप्रदर्शनं कापायची, एवढंच काम. यासाठी वरच्यापैकी एकही लागत नाही. लॉसलेसकट घ्या. व्हिडिओ पुन्हा रेंडर होत नाही, नुसता कापला जातो, त्यामुळे काम चटकन होतं आणि दर्जा तसूभरही उतरत नाही. अट एवढीच की काप की-फ्रेमवर, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर पडतो, म्हणजे नेमक्या क्षणाच्या थोडं मागे. कीर्तनाला तेवढं चालतं.

नदीकाठ

पारिजात, हे फार कामाचं सांगितलंत. विचारणाऱ्यांपैकी अनेकांना नुसतं कापायचंच असतं.

मध्यलय, स्टुडिओत जाणाऱ्या मुलांसाठी रिझॉल्व्ह, याला माझा विरोध नाहीच. पण विचारणारी असते साठीची मावशी किंवा शाळेतल्या बाई. त्यांना रॅम वाढवायला सांगता, पण कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते.

आणि आवाज मागे पडतो त्यावर कुणी बोललंच नाही. मोबाइल प्रकाश बघून फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. एडिटर ठरावीक वेग धरून चालतो. तासाभराच्या क्लिपमध्ये शेवटी शेवटी टाळ आधी आपटलेले दिसतात आणि आवाज मागून येतो. शॉटकट अशी फाइल उघडताच ओळखतं आणि एडिटिंगसाठी बदलून देऊ का असं विचारतं. मावशीला 'व्हेरिएबल फ्रेम रेट' हे शब्द माहीत असायची गरज पडत नाही.

मध्यलय

हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून आधी कॉन्स्टंट (ठरावीक) फ्रेम रेट करून घेतला तर रिझॉल्व्हमध्येही आवाज जुळतो. एकदाच करायचं काम आहे. साठीच्या मावशीला शिकता येणार नाही हे तुम्ही परस्पर कसं ठरवलंत? माझी आई बासष्टाव्या वर्षी रिझॉल्व्हच्या कट पेजवर एडिटिंग शिकली. तिच्या कम्प्युटरमध्ये १६ जीबी रॅम आहे, ती आम्ही आधी टाकून दिली होती.