मदत हवी आहे: डिसॅबिलिटी पेन्शनच्या फेरतपासणीसाठी वडिलांची तयारी कशी करून घ्यावी?

नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, भूदलात हवालदार होते. कर्तव्यावर असताना गाडी उलटून त्यांच्या कमरेच्या मणक्याला मार लागला आणि २००९ मध्ये ३० टक्के अपंगत्व धरून त्यांना बोर्ड आऊट करण्यात आले, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय मंडळाच्या (मेडिकल बोर्डाच्या) निर्णयाने सेवेतून मुक्त केले गेले. दुखापत सेवेमुळे झाली हे तेव्हाच मान्य झाल्याने तो वाद नाही. ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याच्या २००१ सालच्या आदेशाप्रमाणे त्यांना पेन्शनही मिळते. कायमस्वरूपी ठरलेल्या अपंगत्वाची फेरतपासणी माजी सैनिकाने स्वतः मागितल्याशिवाय होत नाही. गेल्या दोन वर्षांत त्यांचा डावा पाय बधिर होऊ लागल्याने आम्ही ती मागितली, आणि आता नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी रुग्णालयात पुढच्या महिन्यात हजर राहण्याचे पत्र आले आहे.

कागदपत्रांची मला फारशी चिंता नाही. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), इंजुरी रिपोर्ट, जुन्या बोर्डाची कार्यवाही आणि ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) केसपेपर तारखेप्रमाणे लावून ठेवले आहेत. खरी चिंता नानांच्या स्वभावाची आहे. गेल्या महिन्यात जळगावच्या पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांनी त्रास विचारला, तेव्हा आदल्या रात्री खाटेवरून उठताना आईचा आधार घ्यावा लागलेला हा माणूस ताठ बसून म्हणाला, "बठ्ठं बरं शे, साहेब." केसपेपरवर तसेच लिहिले गेले. साहेबांसमोर दुखणे सांगायचे नाही, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की मी रागावले तरी ते नुसते हसतात.

अतिशयोक्तीचा एक शब्दही आम्हाला नको आहे. जे आहे ते पूर्ण सांगितले जावे, एवढेच हवे आहे. म्हणून मी तीन आठवड्यांपासून वही लिहिते आहे: किती वेळ बसता आले, कापसाच्या शेतात बांधापर्यंत जाताना कुठे थांबावे लागले, रात्री कितीदा जाग आली. चांगले दिवसही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिले आहेत. अशी वही बोर्डापुढे ठेवता येते का, की नानांनी तोंडी सांगितलेलेच ग्राह्य धरतात? तपासणीच्या वेळी घरच्या माणसाला आत बसू देतात का? एमआरआय दोन वर्षांपूर्वीचा आहे. तो नव्याने करावा का, आणि पायाच्या बधिरपणासाठी नसांची तपासणी आधीच करून न्यावी, की ती तेथेच करतात?

माझ्या भावाचे म्हणणे वेगळे आहे. नवी टक्केवारी ५० किंवा त्याहून जास्त झाली तरच ती ७५ धरली जाईल. ४० झाली तर हाती काहीच वाढणार नाही, आणि २० च्या खाली आली तर असलेलेही जाईल, अशी त्याला धास्ती वाटते. त्याची भीती मला समजते, तरीही पायाचे दुखणे सरकारी कागदावर यायलाच हवे, असे माझे मत आहे. ज्यांनी स्वतः फेरतपासणी मागितली, त्यांचा अनुभव काय आहे?

आणखी एक. धुळे, मालेगावमार्गे नाशिकपर्यंत बसने गेल्यास नानांची कंबर धरते. आदल्या दिवशी पोहोचून मुक्काम करावा असा विचार आहे. रुग्णालयाजवळ माजी सैनिकांसाठी उतरण्याची सोय कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.