‘लेखक म्हणून माझी वाटचाल’: दहा गुणांसाठी कबुलीजबाब?

तिसरा_बाक: एम. ए. मराठीला आम्हाला सर्जनशील लेखनाचा पेपर आहे. पाच लेख लिहून झाले, आता सहावा मागितलाय: ‘लेखक म्हणून माझी वाटचाल’. 10 गुण. निम्म्या वर्गाचा साचा तयार आहे: आधी माझं लेखन फार अलंकारिक होतं, मॅडमच्या मार्गदर्शनाने सहज झालं. गुण देणाऱ्यासमोरच कबुली द्यायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? हा प्रकार बंद करावा. वाढ झाली असेल तर पाच लेखांत दिसेलच की.

काकवी: असहमत. माझा पहिला लेख गुऱ्हाळावर होता. सुरुवात काय, तर ‘महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे’. (हसू नका.) सरांचा शेरा: ‘पहिला परिच्छेद झाकून वाच, काही अडतं का?’ काही अडलं नाही, राग मात्र आला. सत्राअखेरीला वाटचाल लिहायची म्हणून त्या लेखाचे चारही खर्डे जमिनीवर ओळीने मांडले. पहिल्या खर्ड्यात रस उकळायच्या काहिलीपाशी पोचायला मला दीड पान लागलं होतं. चौथ्यात पहिल्याच ओळीत गुळव्या रानभेंडीचं पाणी ओततो आणि मळी वर येते. लेखांत हे होतंच, पण वाटचाल लिहायची नसती तर मी ते कधी मांडून बसलो असतो?

तिसरा_बाक: म्हणजे श्रेय खर्ड्यांचं. आम्ही मोबाईलवर लिहितो आणि तिथेच खोडतो. मागे काही उरत नाही, मग वाढ आठवणीतून रचायची.

तापीकाठ: तुम्ही दोघं ‘वाढ’ म्हणजे चांगलंच धरून चाललात. मी खानदेशातली. माझ्या लेखांत आजी अहिराणी बोलायची. दर वेळी लाल शाई, हळूहळू तिच्या ‘माले’चं ‘मला’ झालं. शेवटच्या लेखात ती थेट सदाशिव पेठेतली वाटते. त्यालाच सगळ्यात जास्त गुण! आणि वाटचालीत मी ‘भाषा शुद्ध झाली’ असं लिहून आले. अजून लाज वाटते. मराठी साहित्य महामंडळाचे 18 लेखननियमसुद्धा पात्राच्या तोंडी बोलभाषा चालवून घेतात हो.

काकवी: हे वाईटच. पण तो दोष तपासणाऱ्याचा, वाटचालीच्या लेखाचा नाही.

खडूफळा: मी शिकवतो. तुमचा साचा मला पाठ आहे, दर सत्राला गठ्ठ्याने येतो. म्हणून प्रश्नच बदलला: ‘तुम्ही न ऐकलेला एक शेरा सांगा आणि का ऐकला नाहीत ते लिहा.’ उत्तरं लहान येतात, पण खरी वाटतात. गुण काढून टाकता येत नाहीत. एकदा काढून पाहिले, कोणी लिहिलंच नाही.

तापीकाठ: सर, हा प्रश्न मला आला असता तर आजी वाचली असती.

तिसरा_बाक: आणि न ऐकलेला शेरा तुमचाच निघाला तर?

खडूफळा: तो माझाच असतो. आधी राग येतो. म्हणून ते पेपर मी दुसऱ्या दिवशी तपासतो.